एका कल्हईवाल्याचे पुण्यस्मरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात, परलोकवासी बांधवांसाठी अर्पिलेल्या मिस्सेनंतर धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस धर्मग्रामाच्या इतिहासावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. इतिहास म्हटला की पहिले मिशनरी कोण आले, मंदिराचा पाया कोणी घातला, महागुरुस्वामी कधी पधारले, ह्याच गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे. त्या गोष्टी ह्या पुस्तिकेत अन्यत्र आल्याच आहेत. आज मृतांचे स्मरण करीत असता आमचे मन मात्र राहून राहून एका दुकानाकडे वळते. त्या दुकानावर पाटी नव्हती, आत खुर्ची नव्हती. एक भाता होता, कोळशाचा खड्डा होता, पाण्याचे टाके होते आणि भिंतीवर संत योसेफाचे धुराने काळवंडलेले चित्र होते. त्या दुकानाचे धनी गेल्या मृगाच्या तोंडी प्रभूच्या घरी गेले.

त्यांचे नाव आम्ही छापील पुस्तिकेत घालणार नाही, अशी त्यांच्या कुटुंबाची इच्छा आहे आणि ती आम्हांस मान्य आहे. लहानथोर सारेच त्यांना ‘बाबा’ म्हणत. आम्हीही तेच म्हणू. वेदीपुढे त्यांचे नाव घेतले गेले आहे, आणि जेथे ते खरोखर लिहिले जावे तेथे ते लिहिले गेले असेल, असा आम्हांस भरवसा आहे.

आपले भंडारा गाव पितळेचे गाव म्हणून दूरवर प्रसिद्ध आहे. वैनगंगेचे पाणी, तळ्यांखालचा धान आणि तांबटांच्या हातोड्यांचा नाद, ही ह्या भूमीची जुनी ओळख. तांबे व जस्त मिळून पितळ होते. तांबे व कथील मिळून कासे होते. फुटकी-तुटकी भांडी, ज्यांस आपण मोड म्हणतो, ती मुशीत वितळवून त्यांचीच नवी गुंडे, नवे गंज, नवी गंगाळे घडवावयाची, हा कारागिरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. परंतु पितळेच्या भांड्याचा एक स्वभाव आहे. त्यात ताक, चिंच, कढी असे काही आंबट ठेवले की ते कळकते. म्हणून आतून कथिलाचा मुलामा द्यावा लागतो. त्या मुलाम्यासच आपण कल्हई म्हणतो, आणि तोच बाबांचा धंदा.

आपणांपैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना ते दृश्य आठवत असेल. भांडे राखेने व वाळूने घासून निर्मळ करावयाचे, लोणारी कोळशाच्या निखाऱ्यावर ते फिरवीत तापवावयाचे, नवसागराची पूड टाकावयाची, पांढरा धूर उठला की कथिलाची कांडी क्षणभर टेकवावयाची, आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील साऱ्या अंगावर पसरून भांडे पाण्यात बुडवावयाचे. चुर्र असा आवाज होई, आणि काळवंडलेल्या गंजातून चंद्रासारखा लख्ख गंज बाहेर येई. शाळेतून घरी चाललेली मुले ते पाहावयास थांबत. बाबा त्यांना हाकलीत नसत, एवढेच म्हणत, “धुराच्या बाजूला उभं राहू नका रे, डोळे झोंबतील.”

आता ह्या धंद्यात खोटेपणास वाव किती आहे पाहा. कथील महाग, शिसे स्वस्त. कथिलात शिसे मिसळले तरी भांडे चकाकते आणि गिऱ्हाइकास काहीच कळत नाही. पण शिसे हे विष आहे. ते हळूहळू अंगात भिनते, आणि त्याचा घात सर्वांत अधिक होतो तो लहान लेकरांना. दोन रुपये वाचविण्यासाठी असे करणारे जगात आहेत. बाबांनी आयुष्यभर शिशास हात लावला नाही. कोणी भावाची घासाघीस करू लागले की ते कथिलाची कांडी उचलीत, गिऱ्हाइकाच्या कानाजवळ नेऊन ती किंचित वाकवीत. शुद्ध कथील वाकविले की त्यातून बारीक कुरकुर ऐकू येते. शिसे मात्र मुक्यानेच वाकते. बाबा म्हणत, “ऐका जी. कथील बोलते. धातू खोटं बोलत नाही, माणूस बोलते.”

बंधूंनो, आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ अभ्यासिले. परंतु जे पाप कोणास कधीही दिसणार नाही ते न करणे म्हणजे काय, हे त्या कांडीच्या आवाजाने आम्हांस जितके समजले तितके ग्रंथांनी समजले नाही.

ह्या भागात आरंभी ज्या संघाचे मिशनरी आले तो संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने चालतो. नागपूरच्या धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली व १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला. त्या साऱ्या वाटचालीत ह्या संताची शिकवण आपल्या पूर्वजांच्या कानी पडत आली. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिविषयक ग्रंथात त्यांनी सांगितले की, भक्ती केवळ मठातील संन्याशांची नव्हे. शिपायाच्या छावणीत, कारागिराच्या दुकानात आणि प्रापंचिकाच्या घरात ती नांदू शकते. मात्र प्रत्येकाने ती आपापल्या धंद्यास शोभेल अशा रीतीने आचरावी. पुढे १९६४ साली व्हॅटिकन धर्मपरिषदेने हेच तत्त्व साऱ्या ख्रिस्तसभेपुढे ठेवले की, पावित्र्याचे बोलावणे प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्यास आहे.

ह्याचा एक दाखला आम्ही बाबांना एकदा सांगितला होता. फ्रान्स देशातील आलँसाँ नावाच्या लहानशा शहरात लुई मार्तें नावाचे एक घड्याळजी होते. त्यांचा जन्म १८२३ चा. १८५८ साली त्यांचा विवाह झेली नामक लेस विणणाऱ्या कारागीर स्त्रीशी झाला. त्यांना नऊ अपत्ये झाली, पैकी चार लहानपणीच गेली. राहिलेल्या पाचही कन्या धर्मभगिनी झाल्या, आणि त्यांतील धाकटी म्हणजे आपणां सर्वांची लाडकी बाळयेशूची संत तेरेजा. १८७७ साली पत्नी निवर्तल्यावर लुई ह्यांनी मुलींचा सांभाळ केला. हे गृहस्थ रविवारी दुकान उघडीत नसत. रविवारी गिऱ्हाईक येते, धंदा बुडेल, असे मित्रांनी सांगितले तरी त्यांनी ऐकले नाही. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ह्या पतिपत्नीस एकाच वेळी संतपद देण्यात आले. बाबांनी ही हकीकत लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, “मग फादर, त्याची घड्याळं बरोबर चालत होती का जी?” आम्ही म्हटले, चालत असावीत. ते म्हणाले, “मग बरोबर आहे. घड्याळ बिघडलेलं देऊन मिस्सेला गेला असता तर काय उपेग?”

बाबाही रविवारी भाता पेटवीत नसत. जवळच्या एका गावचा बाजार रविवारी भरे, आणि त्या बाजारात एका दिवसात आठवड्याची कमाई होत असे. लग्नानंतरची पहिली काही वर्षे घरात फार ओढगस्त होती, तेव्हाही ते त्या बाजारास गेले नाहीत. मात्र आपल्या ह्या नियमाचा त्यांनी कधी डांगोरा पिटला नाही, आणि जे रविवारी पोटासाठी राबतात त्यांस कधी हिणविले नाही.

आता त्यांच्या प्रपंचाविषयी. दोन मुली, दोन मुलगे आणि पत्नी असा त्यांचा संसार. दिवसभर नवसागराच्या धुरात बसलेला हा मनुष्य घरी आला की प्रथम चिंचेने व राखेने हात चोळचोळून धूत असे. का, तर लेकरांस जवळ घेताना त्यांना वास येऊ नये. सायंकाळी कुटुंबाची जपमाळ होई. कोणी पाहुणा आला तर त्यासही माळ मिळे, आणि पाहुणा परधर्मी असला तर त्यास आधी चहा मिळे व तो संपेपर्यंत माळ थांबे. पत्नी दीर्घ आजाराने अंथरुणास खिळली तेव्हा दोन वर्षे सकाळचा स्वयंपाक बाबांनी केला. धाकटी कन्या आम्हांस सांगत होती की, त्या काळात वरणात मीठ कधी जास्त तर कधी मुळीच नसे. पण आईच्या ताटात पहिली भाकरी गेल्याशिवाय कोणाच्याही ताटात दुसरी पडली नाही.

पुढे स्टीलची व ॲल्युमिनियमची भांडी घरोघर आली. त्यांस कल्हई लागत नाही. एके काळी दिवसाला चाळीस भांडी करणाऱ्या दुकानात आठवड्यास चार येईनाशी झाली. थोरल्या मुलाने वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात नोकरी धरण्याचे ठरविले तेव्हा घरात वाद झाला. ज्या पोलादाने बापाचा धंदा बसविला त्याच पोलादाकडे लेकाने जावे, हे बापाच्या मनास लागणे स्वाभाविक होते. तो मुलगा सांगतो की, बाबा रात्रभर ओसरीवर बसून होते, पहाटे उठून त्यांनी स्वतःच्या हाताने त्याचा जेवणाचा डबा कल्हई करून दिला आणि म्हणाले, “धंदा तुझ्यासाठी होता, तू धंद्यासाठी नव्हतास. जा. पण जिथं राहशील तिथं शिसं मिसळू नको.” ह्याहून अधिक उपदेश त्यांनी कोणत्याही मुलास केला नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला तो आपण विसरलेलो नाही. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल भरलेली, चेपलेली भांडी पडली होती. बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. भाता खांद्यावर घेऊन ते पुराच्या वस्तीत गेले आणि तेथेच झाडाखाली बसले. कोण ख्रिस्ती, कोण हिंदू, कोण बौद्ध, कोण मुसलमान, हे त्यांनी विचारले नाही. आणि किती भांडी झाली हे मोजलेही नाही.

येथपर्यंत आम्ही त्यांची स्तुती केली. आता आम्हांस आमच्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. ज्या धर्मगुरूने ह्या पायरीवरून तुम्हांस वर्षानुवर्षे पश्चात्ताप शिकविला, त्याने स्वतःचा अपराध झाकून ठेवणे योग्य नव्हे.

आम्ही ह्या धर्मग्रामात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी आपल्या मंदिराच्या घंटेस चीर गेली. आम्ही बाबांस बोलावून ती दुरुस्त करावयास सांगितले, आणि मोबदलाही चांगला देऊ केला. त्या दिवसांत त्यांना पैशाची निकड होती, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांनी घंटेवर बोटाने टिचकी मारली, कान लावून ऐकले आणि म्हणाले, “फादर, हे काशाचं काम आहे. ह्याला डाख लावला तर चीर बुजेल, पण नाद यायचा नाही. हिला वितळवून नव्यानं ओतावं लागते. ते माझ्या भट्टीचं काम नाही जी. उगाच पैसे घेऊ काय?”

आम्हांस ते पटले नाही. म्हातारा माणूस, मोठ्या कामास भितो, असे समितीतील काहींनी म्हटले आणि आम्ही मान डोलाविली. आम्ही धातूविषयी काहीही जाणत नव्हतो. तरी ज्याने जन्मभर धातू हाताळला त्याच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला नाही. घंटा दूरच्या शहरात एका कारागिराकडे पाठविली, त्याने मागितलेली रक्कम रोख मोजून दिली, आणि पवित्र गुरुवारी रात्री ती चढविली. त्या रात्रीपासून पुनरुत्थानाच्या जागरणापर्यंत घंटा वाजवावयाची नसते, म्हणून ती कोणी वाजवून पाहिली नाही. शनिवारी रात्री महिमास्तोत्राच्या वेळी सेवकाने दोर ओढला, आणि साऱ्या मंदिरास ऐकू आला तो मडके फुटल्यासारखा बद आवाज. लोक एकमेकांकडे पाहू लागले. बाबा तिसऱ्या ओळीत होते. त्यांनी मान वर केली नाही. आमची लाज त्यांना पाहावयाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी, पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे, ते आमच्या दाराशी उभे होते. हातात काशाची एक थाळी होती, काठाला भोक पाडून दोरी ओवलेली, आणि एक लाकडी ठोकणी. म्हणाले, “घंटा आणि थाळी एकाच धातूच्या असतात जी. लोकं वाट पाहत असतील. हे वाजवा.” घंटेविषयी एक शब्द नाही, मी सांगितले होते, असे म्हणणे नाही. ती थाळी त्या पहाटेपासून आजवर आपल्या ओसरीत टांगलेली आहे आणि तिच्या नादावर आपण मिस्सेस येत आहोत. ती त्यांच्या पत्नीस लग्नात माहेराहून मिळालेली थाळी होती, हे आम्हांस त्यांच्या मृत्यूनंतर कळले. भोक पाडलेल्या थाळीत कोणी जेवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा दम वाढला. आम्ही रोग्यांचा अभ्यंग घेऊन गेलो तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. त्यांनी पापनिवेदन केले, ख्रिस्तशरीर स्वीकारले, आणि मुलांस जवळ बोलावून आईकडे बोट दाखविले, बोलवत नव्हते. दोन दिवसांनी पहाटे ते गेले. अंत्ययात्रेस त्यांच्या ओळीतील सर्व दुकाने बंद होती. खांदा देणाऱ्यांत मुलांबरोबर शेजारचे तांबट होते, आणि पुराच्या वस्तीतील ती माणसे होती ज्यांची भांडी त्यांनी मोजली नव्हती.

महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांच्या पत्नी उधारीची वही घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “ह्यात कोणाचे किती राहिले ते मला वाचायचे नाही. तुम्ही पाहा, आणि जे योग्य ते करा.” आम्ही ती वही उघडली. पुष्कळ नावांवर आडवी रेघ होती. विधवांच्या, आजाऱ्यांच्या आणि बिनकामाच्या घरांची ती नावे, आणि प्रत्येक रेघेखाली उपासकाळाची तारीख. परंतु काही नावांवर रेघ नव्हती. ती देऊ शकणाऱ्यांची नावे होती. त्यांत, बंधूंनो, आपल्या मंदिराचेही नाव होते. वेदीवरील पितळी मेणबत्तीदाने आणि धूपपात्र ह्यांच्या दुरुस्तीची, पाच वर्षांपूर्वीची बाकी. रक्कम लहान होती. शहरातील त्या निष्फळ कामास आम्ही रोख पैसे मोजले, आणि आमच्या पायरीशी बसणाऱ्या प्रामाणिक माणसाचे आम्ही विसरलो. त्यांनी एकदाही मागितले नाही.

आम्ही ती रक्कम व्याजासह त्यांच्या घरी नेली. मावशींनी पैसे मोजले, वहीतल्या आकड्याएवढे ठेविले आणि उरलेले आमच्या हाती परत दिले. म्हणाल्या, “लिहिलं तेवढंच जी, फादर. जास्त घेतलं तर त्यांचा हिशेब बिघडते.” देणे फिटले, परंतु ज्याचे देणे होते तो घ्यावयास उरला नव्हता, ही खंत फिटत नाही.

म्हणून आज आमचे सांगणे एवढेच आहे. बाबांच्या स्मरणार्थ संगमरवरी शिळा बसवावी अशी सूचना समितीपुढे आली आहे. सूचना प्रेमाची आहे. तरी आमचे मत निराळे आहे. वहीतील इतर नावे आम्ही कोणास सांगणार नाही. पण ज्याचे त्याला ठाऊक आहे. महोत्सव संपण्यापूर्वी आपण त्या घरी जावे, आणि केवळ त्याच घरी नव्हे. ज्या सुताराचे, शिंप्याचे, मोलकरणीचे, शेतमजुराचे देणे आपण उद्यावर टाकले आहे, त्या प्रत्येकाच्या दारी जावे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोज ऋणमुक्ती मागतो. जो गरीब मागावयास लाजतो त्याचे ऋण ठेवून ती प्रार्थना म्हणताना आपली जीभ अडखळावयास हवी. आणि जो आपल्या धंद्यातले सत्य आपल्या तोट्याने सांगतो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयास आपण शिकावे. आम्ही हे उशिरा शिकलो.

सुवार्तांमध्ये संत योसेफाचे एकही वाक्य नोंदलेले नाही. त्यांचे नाव आहे, धंदा आहे, त्यांनी रात्री उठून केलेला प्रवास आहे, बोलणे नाही. तरी १८७० साली नववे पायस ह्यांनी त्यांस साऱ्या ख्रिस्तसभेचे पालक घोषित केले, आणि १९५५ साली बारावे पायस ह्यांनी १ मे हा दिवस श्रमिक योसेफाचा सण म्हणून दिला. जो पुत्र जगाचा तारणारा झाला त्याने हातात रंधा धरावयास एका गावठी कारागिराकडून शिकले. असे असता कल्हईवाल्याच्या दुकानात देव नसतो असे कोण म्हणेल?

नव्याने ओतलेली घंटा ह्या महोत्सवासाठी आली आहे. बाबांनी सांगितले होते तसेच करावे लागले. जुनी वितळविली तेव्हाच नवी झाली. थोड्याच वेळात तिला आशीर्वाद देऊन ती प्रथमच वाजविली जाईल. परंतु तिच्याआधी ती थाळी वाजेल, आणि ती मावशी आपल्या हाताने वाजवतील. त्यानंतर ती थाळी खाली उतरविली जाणार नाही. दर वर्षी पुनरुत्थानाच्या पहाटे घंटेपूर्वी तिचाच नाद होईल, असे आम्ही नोंदवहीत लिहून ठेविले आहे, म्हणजे आमच्यामागून येणाऱ्या धर्मगुरूंनीही ते पाळावे.

आता आपण उभे राहू या. बाबांच्या आत्म्यासाठी, आणि ज्यांची नावे कोणत्याही पुस्तिकेत छापली जात नाहीत अशा आपल्या साऱ्या मृत श्रमकरी बांधवांसाठी क्षणभर शांत प्रार्थना करू या. त्यांच्या जीवनात काही मळ राहिला असेल तर प्रभू तो आपल्या दयेच्या अग्नीने शुद्ध करो, आणि त्यांस आपल्या प्रकाशात लख्ख उभे करो. आमेन.